उडी घेण्याआधी

आर. के. पुरममध्ये राहणाऱ्या माणसाला भारतदर्शनासाठी रेल्वेचं तिकीट काढावं लागत नाही. सेक्टर दोनमधल्या अय्यप्पा मंदिरात केरळ भेटतो, मलाई मंदिराची टेकडी चढलं की तमिळनाडू भेटतो, आणि उरलेला देश सरकारी क्वार्टर्सच्या जिन्यात भेटतो. आमच्याच जिन्यात पाहा. तळमजल्यावर त्रिसूरचे काका, पहिल्या मजल्यावर बंगाली दादा, त्यांच्या समोर कोल्हापूरकर आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही. या तिघांची देवळं वेगळी, सण वेगळे, जेवणातलं तेलसुद्धा वेगळं. मात्र एक दैवत तिघांचं एकच आहे. ते म्हणजे फुटबॉल!

आता कोल्हापूरकर आणि फुटबॉल म्हटल्यावर काही वाचक भुवया उंचावतील. कोल्हापूर म्हणजे कुस्ती, तांबडा-पांढरा रस्सा आणि फार तर चपला, असा आपला समज. पण तिथल्या पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना शाहू स्टेडियमवर असला की त्या दिवशी पाहुण्यांनीही कोणाच्या बाजूचे ते आधीच ठरवून घरात शिरावं. आमचे कोल्हापूरकर त्या मातीतले. दिल्लीत वीस वर्षं फायली हलवूनही त्यांचा आवाज गॅलरीतलाच राहिला आहे.

तर गोष्ट आहे २१ जून २०२३ ची. बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर सॅफ चषक स्पर्धेत भारत विरुद्ध पाकिस्तान. सगळा जिना कोल्हापूरकरांच्या बैठकीत जमला होता. वहिनींनी भडंगाचं पातेलं मध्ये ठेवलं होतं. सोळाव्या मिनिटापर्यंत सुनील छेत्रीचे दोन गोल झालेले, त्यामुळे पातेलं वेगानं रिकामं होत होतं. मध्यंतर तोंडावर आलं आणि तो प्रकार घडला.

भारताच्या बाकासमोर चेंडू रेषेबाहेर गेला. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इनसाठी चेंडू डोक्यावर घेऊन उभा राहिला. आपल्या खेळाडूला आधी धक्का बसला होता आणि रेफरीनं तो दिला नाही, असं भारताचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांचं म्हणणं. म्हणणं असू दे हो, पण या गृहस्थांनी मागून पुढे होऊन त्या खेळाडूच्या हातातला चेंडूच उडवला! झालं. दोन्ही बाकांवरची माणसं एकमेकांच्या अंगावर धावली, ढकलाढकली झाली आणि रेफरीनं स्टिमॅकना लाल कार्ड दाखवलं.

"शाब्बास!" कोल्हापूरकरांनी मांडीवर थाप मारली. "कोच असावा तर असा! पोरांसाठी अंगावर जाणारा!"

"छी छी," बंगाली दादा म्हणाले. "दोन गोलांनी पुढे असताना? कशासाठी?"

त्रिसूरच्या काकांनी चष्मा पुसला. ते स्वतः तरुणपणी हौशी सामन्यांचे रेफरी होते, त्यामुळे ते आधी नियम सांगतात आणि मग मत देतात. "प्रतिस्पर्ध्याला खेळ पुन्हा सुरू करू न देणं, चेंडू अडवणं, हा बाकावरच्या माणसासाठी थेट लाल कार्डाचा गुन्हा आहे. पूर्वी रेफरी प्रशिक्षकाला नुसतं तोंडी बाहेर काढायचा. २०१९ च्या मध्यापासून त्यालाही खेळाडूसारखं पिवळं आणि लाल कार्ड दाखवतात. रेफरीचं काहीही चुकलेलं नाही."

"नियम ठेवा बाजूला काका," कोल्हापूरकर म्हणाले. "पोरांना कळलं ना, की आपला माणूस आपल्यासाठी भांडतो?"

भारतानं तो सामना ४-० असा जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक झाली. पण जिन्यातला वाद काही मिटला नाही. स्टिमॅकनी दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमावर जाहीर करून टाकलं, की माझ्या मुलांना चुकीच्या निर्णयापासून वाचवायला वेळ पडली तर मी पुन्हा असंच करीन. ते वाचून कोल्हापूरकरांना आणखी चेव आला.

वाद प्रशिक्षकावरून बचावावर कसा घसरला ते आता नीट आठवत नाही. बहुधा कोल्हापूरकरांच्याच एका वाक्यानं. "अहो, तो स्टिमॅक मूळचा डिफेंडर. डिफेंडर म्हणजे आडवा पडणाराच की!"

अर्धं वाक्य खरं होतं. १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियानं पहिल्याच प्रयत्नात तिसरा क्रमांक पटकावला, त्या संघात स्टिमॅक मध्यबचावपटू होते. उरलेलं अर्धं मात्र काकांना मुळीच पटलं नाही. सत्तरीच्या आसपासचा तो माणूस चहाचा कप खाली ठेवून बैठकीच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं आम्हा सगळ्यांना बचावाचा पहिला धडा दिला.

"समोरून चेंडू घेऊन माणूस येतोय. नवशिका काय करतो? धावत जाऊन झडप घालतो. येणाऱ्याला तेच हवं असतं. तो चेंडू जरासा बाजूला घेतो आणि हा मातीत लोळतो. पडलेला बचावपटू म्हणजे मैदानावर एक माणूस कमी! म्हणून पहिली गोष्ट, जवळ पोचताना वेग कमी करायचा. दुसरी, समोरासमोर उभं राहायचं नाही, अंग तिरकं ठेवायचं. गुडघे वाकलेले, हातभर अंतर. तिसरी, नजर चेंडूवर. त्याच्या डोळ्यांकडे, खांद्यांकडे पाहाल तर फसाल. आणि मग त्याला हळूहळू रेषेकडे ढकलत न्यायचं. रेषा हा आपला बारावा खेळाडू. तेवढ्यात आपली माणसं मागे येतात. त्याचा पाय चेंडूवरून जरा लांब पडला की मग पाय घालायचा. त्याआधी नाही."

"आणि स्लायडिंग टॅकल?" मी विचारलं.

"घरातल्या अग्निशामक यंत्रासारखं," काका म्हणाले. "असावं, वापरता यावं, पण रोज वापरावं लागत असेल तर घरातच काहीतरी बिघडलं आहे. शिवाय १९९८ पासून मागून धोकादायक टॅकल केलं तर सरळ लाल कार्ड."

बंगाली दादांनी त्यात भर घातली. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताचे तिन्ही सामने इथेच, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले होते. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणून कोल्हापूरकर आणि दादा जोडीनं गेले होते. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध ब्याऐंशीव्या मिनिटाला मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी साधली. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिलावहिला गोल! स्टेडियम अक्षरशः हललं.

"आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं गोल केला," दादा म्हणाले. "आम्ही दोघं अजून मिठी मारून उभे होतो. आमचं ठीक आहे, आम्ही प्रेक्षक. पण बचावपटूला आनंदसुद्धा बेतानं करावा लागतो आणि रागसुद्धा. त्याचं लक्ष एक मिनिट हललं की संपलं."

या सगळ्या चर्चेत एक श्रोता कोपऱ्यात गप्प बसून होता. कोल्हापूरकरांचा तेरा वर्षांचा मुलगा. एरवी हा पोरगा अशा गप्पांत सगळ्यात पुढे. कॉलनीतल्या मैदानावर तो बॅक म्हणून खेळतो, शाळेच्या संघातून सुब्रतो चषक खेळायचं त्याचं स्वप्न आहे. ही १९६० पासूनची शाळांची स्पर्धा, वर्षानुवर्षं आपल्या आंबेडकर स्टेडियमवर रंगलेली. पण त्या दिवशी त्यानं भडंगालाही हात लावला नव्हता.

कप विसळताना वहिनींनी आमच्या सौभाग्यवतींजवळ मन मोकळं केलं. मागच्या रविवारी शेजारच्या सेक्टरशी सामना होता. बरोबरी चालू असताना शेवटच्या मिनिटाला क्रॉस आला, यानं अडवायला पाय घातला आणि चेंडू आपल्याच जाळ्यात! शिट्टी झाल्यावर प्रशिक्षकांनी त्याला सगळ्या मुलांसमोर उभं केलं, कान धरला आणि म्हणाले, "याच्यामुळे हरलो आपण. नीट बघून ठेवा याला." बाकीची मुलं हसली. त्या दिवसापासून बूट कॉटखाली गेले होते.

"आणि यांना सांगितलं तर म्हणतात, आम्ही तालमीत याहून जास्त खाल्लंय, मार खाल्ल्याशिवाय खेळाडू होत नाही," वहिनी म्हणाल्या. "यांचं काय, टीव्हीवरच्या कोचनं चेंडू उडवला तरी टाळ्या, आणि पोराचा कान पिळला तरी टाळ्या!"

खरं सांगतो, वहिनींचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एक प्रशिक्षक आपल्या मुलांसाठी दुसऱ्यांवर धावून गेला, दुसरा आपल्याच मुलावर धावून गेला. दिसायला दोन टोकं. पण दोघांनी केलं काय? काकांच्या भाषेत सांगायचं तर दोघांनीही वेळ यायच्या आधी उडी घेतली.

सहा दिवसांनी, २७ जूनला, भारत आणि कुवेत समोरासमोर आले. मधल्या नेपाळच्या सामन्यात लाल कार्डामुळे स्टिमॅक बाकावर नव्हते, भारत तो २-० असा जिंकला होता. मार्चपासून हा सलग आठवा सामना, ज्यात भारतानं एकही गोल खाल्ला नव्हता. म्यानमार, किरगिझस्तान, मंगोलिया, वानुआतू, लेबनॉन दोनदा, पाकिस्तान आणि नेपाळ. श्रेय स्टिमॅकना द्यायलाच हवं. संदेश झिंगन आणि अन्वर अली या जोडीला त्यांनी नेमकं तेच शिकवलं होतं, जे काकांनी आम्हाला बैठकीत करून दाखवलं. घाई नको, जागा सोडायची नाही, एक पुढे तर दुसरा मागे आधाराला. गंमत पाहा, ज्याचा संघ आठ सामने झडप न घालता उभा राहिला, त्या गुरूलाच रेषेवर उभं राहता येईना!

कारण कुवेतविरुद्धही तेच झालं. मध्यंतराआधी छेत्रीनं गोल केला, भारत पुढे होता. दुसऱ्या सत्रात स्टिमॅकना वाद घातल्याबद्दल आधी एक पिवळं कार्ड मिळालं, मग एक्क्याऐंशीव्या मिनिटाला दुसरं. पुन्हा लाल. पुन्हा बाहेर. मैदानावरचं वातावरणही तापत गेलं, शेवटी दोन्ही संघांचा एकेक खेळाडू बाहेर गेला. आणि भरपाई वेळेत डावीकडून... की उजवीकडून, ते सोडा, एक क्रॉस आला. अन्वर अलीनं तो काढायला पाय घातला. चेंडू भारताच्याच जाळ्यात. १-१. आठ सामन्यांनंतरचा पहिला गोल, आणि तोही स्वतःच स्वतःवर केलेला!

बैठकीत कोणी बोलेना. कोल्हापूरकरांनी नेहमीची शिवी अर्ध्यावर गिळली, कारण कोपऱ्यातला पोरगा ताडकन उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला होता.

"आता त्याला काढतील?" त्यानं विचारलं.

"कुणाला?"

"अन्वर अलीला. पुढच्या मॅचला घेतील का?"

त्याच्या वडिलांनी उत्तर दिलं नाही. काकांनी त्याला जवळ बसवून घेतलं. "हा अन्वर कोण आहे माहीत आहे? तुझे बाबा ज्या नेहरू स्टेडियमवर गेले होते ना, त्या सतरा वर्षांखालच्या संघात तो होता. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष निघाला. महासंघानं खेळू नको म्हणून सांगितलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, घरी बसायची वेळ आली. तो इथं दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला, डॉक्टरांचे अहवाल झाले, आणि तो पुन्हा मैदानात उतरला. इतकं सोसून आलेला मुलगा एका गोलानं संपत नसतो. बघ तू."

आणि आम्ही बघितलं. स्टिमॅकवर दोन सामन्यांची बंदी आली, दंडही झाला. म्हणजे उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत भारताच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक नसणार. ती जबाबदारी आली त्यांच्या सहायकावर, गोव्याच्या महेश गवळीवर.

गवळीचं नाव ऐकताच बंगाली दादा खुर्चीवरून उठलेच. २००३ मध्ये ईस्ट बंगालनं जकार्तात आसियान क्लब चषक जिंकला, त्या संघात गवळी होता. भारताच्या बचावफळीचा तो कित्येक वर्षं आधार होता. हाही मध्यबचावपटूच! म्हणजे एक बचावपटू रागाच्या भरात बाहेर बसला आणि दुसऱ्या बचावपटूनं ती मोकळी जागा भरून काढली. काका म्हणाले, "यालाच कव्हर म्हणतात."

१ जुलैला लेबनॉनविरुद्ध उपांत्य सामना. संघाची यादी टीव्हीवर आली तेव्हा पोरानं ती बोट लावून वाचली. अन्वर अलीचं नाव होतं! शिवाय झिंगन कार्डांमुळे बाहेर, म्हणजे मधल्या बचावाचा भार अन्वरवरच. एकशेवीस मिनिटं खेळ झाला आणि भारतानं गोल खाल्ला नाही. ०-०. मग पेनल्टी. छेत्रीनंतर दुसरा फटका मारायला कोण यावं? तोच अन्वर अली. त्यानं गोल केला, भारत ४-२ असा जिंकला, आणि आमच्या जिन्यात असा काही आरडाओरडा झाला, की समोरच्या ब्लॉकमधल्या आजी गॅस सिलिंडर फुटला की काय म्हणून खाली आल्या.

४ जुलैला अंतिम सामना पुन्हा कुवेतशी. १-१, पुन्हा पेनल्टी. पाच-पाच फटक्यांनंतर बरोबरी, मग महेश सिंगचा गोल, आणि गुरप्रीतसिंग संधूनं कुवेतचा शेवटचा फटका अडवला. ५-४. भारताला सॅफ चषक नवव्यांदा मिळाला. बाकाजवळ गवळी उभा होता.

आता प्रश्न असा, की कोल्हापूरकर चूक होते का? पूर्ण चूक नव्हते. मुलांना आपली बाजू घेणारा माणूस लागतो, हे खरंच आहे. प्रशिक्षक थंड दगडासारखा असावा असं कोणीच म्हणत नाही. पण बाजू घेण्याची किंमत कोणी मोजली? स्टिमॅक गॅलरीत बसले, तीन सामने मुलांना त्यांच्याशिवाय खेळावं लागलं. ज्यांच्यासाठी ते भांडले, त्यांनाच सर्वांत मोठ्या दिवशी त्यांची सोबत मिळाली नाही. मुलं जिंकली म्हणून हे झाकलं गेलं, हरली असती तर? पुढे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत अडखळला आणि जून २०२४ मध्ये स्टिमॅकना पद सोडावं लागलं, ती कहाणी वेगळी. त्या उडीशी तिचा संबंध जोडायचं कारण नाही.

आणि उलट बाजूही पाहू. भारताला १९५१ आणि १९६२ अशी एशियाडची दोन सुवर्णपदकं मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम, ज्यांतलं पहिलं पदक इथेच, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर इराणला १-० असं हरवून मिळालं, ते मुळात शाळामास्तर. प्रशिक्षक हा आधी मास्तर असतो, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत. मास्तर काय सांगतो हे मुलं निम्मं ऐकतात. मास्तर कसा वागतो हे मात्र पुरेपूर शिकतात. "थांब, झडप घालू नकोस" हे ज्यानं शिकवायचं, त्यानंच झडप घातली, तर पोरानं नेमकं काय उचलायचं?

अंतिम सामन्यानंतरच्या रविवारी सकाळी दार वाजलं. कोल्हापूरकर उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात मुलाचे बूट.

"जरा मैदानावर येता का? त्या कोचला भेटायचंय."

मला घाम फुटला. यांचा आवाज मला ठाऊक! "भांडायला?" मी विचारलं.

"भांडायला गेलो तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?" ते म्हणाले. "नाही हो. बोलायला."

मैदानावर प्रशिक्षक शंकू मांडत होते. तिशीचा, उन्हानं रापलेला माणूस. आठवडाभर कुठंतरी नोकरी करून रविवारी तुटपुंज्या पैशांत चाळीस मुलं सांभाळणारा. कोल्हापूरकर त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबले. माझी शपथ, अंग जरासं तिरकंच! आणि मी आजवर न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "सर, पोरगा चुकला हे मान्य आहे. चूक कुठं झाली, पाय कसा घालायला हवा होता, ते त्याला शिकवा. दहा वेळा शिकवा. पण चारचौघांत कान धरू नका. तो खेळ सोडून बसलाय."

प्रशिक्षक आधी चिडले. हरल्यावर पालकच कसे बोलतात, मुलं कशी लक्ष देत नाहीत, सगळं सांगून झालं. कोल्हापूरकर मधे बोलले नाहीत. पाय घालायची घाई केली नाही. शेवटी ते गृहस्थच थांबले, खाली पाहत म्हणाले, "त्या दिवशी डोकं फिरलं होतं माझं. मीसुद्धा बॅकच होतो. माझाही असाच कान धरला होता एकानं." आणि थोड्या वेळानं, "पाठवा त्याला."

पोरगा त्याच संध्याकाळी गेला असं लिहायला मला आवडलं असतं. तो गेला पुढच्या रविवारी, तेही आई सोबत आल्यावर. प्रशिक्षकांनी त्याला बाजूला नेऊन क्रॉस टाकून टाकून पाय कसा उघडा ठेवायचा, चेंडू रेषेबाहेर कसा काढायचा ते अर्धा तास करून घेतलं. माफी वगैरे कोणी मागितली नाही. त्याची गरजही पडली नाही.

कोल्हापूरकर परत येताना जिन्यात काकांना म्हणाले, "काका, तुमचं ते तिरकं उभं राहणं कामाला आलं बरं का."

"मग?" काका म्हणाले. "आता सेक्शन ऑफिसरवरही वापरून बघा."

वहिनी मागून येत होत्या. त्या म्हणाल्या, "आधी घरी वापरून बघू दे त्यांना. ऑफिसचं नंतर!"